लाल दिव्यातली पाहुणी

१

भिंगमामा हत्यारांची पेटी घेऊन प्रयोगशाळेचा जिना चढत होते, तोच वरून उतरणाऱ्या चित्रकारानं त्यांना मधल्या पायरीवर गाठलं.

"मामा, घोटाळा झालाय. आपली पाहुणी नाहीशी झाली."

मामांनी पेटी खाली ठेवली. बत्तीस वर्षं ते सूक्ष्मदर्शक दुरुस्त करत हिंडत होते. बिघडलेली भिंगं, अडकलेले स्क्रू, बुरशी, एवढाच त्यांचा संसार. "पोलिसांना कळवलंत का?" त्यांनी जपून विचारलं.

"पोलीस काय करणार? अर्धा मिलिमीटर लांबीची आहे ती."

मामांचा जीव भांड्यात पडला, पण चित्रकाराचा चेहरा बघून त्यांनी हसू गिळलं.

या चित्रकाराच्या हातात कधी कुंचला नव्हता. तो लेझरचा सूक्ष्मदर्शक चालवायचा. समुद्रातल्या इवल्याशा जिवाला सुरी न लावता, नुसत्या प्रकाशानं त्याचे हजारभर थर टिपायचे, ते संगणकात एकावर एक रचायचे आणि तो जीव मुठीएवढा करून पडद्यावर हवा तसा फिरवायचा, हे त्याचं काम. आतलं आतडं, मज्जातंतू, स्नायूचा एकेक धागा दिसायचा. मामांनी उभ्या आयुष्यात पुष्कळ यंत्रं पाहिली, पण या माणसाच्या पडद्यासमोर दरवेळी त्यांचं जेवण लांबायचं.

आणि पाहुणी म्हणजे समुद्रातलं एक पिल्लू. एक डोळा, सहा जोड्या पाय, दूरच्या नात्यानं कोळंबीची कुणीतरी. अशी पिल्लं शंभर वर्षांहून जास्त काळ जाळ्यात येत होती, पण ती मोठी होऊन काय होतात ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे तिला जीवसृष्टीच्या कुळवृक्षात कुठल्या फांदीवर बसवायचं ते ठरत नव्हतं. तीन वर्षं जाळी टाकून एकच पिल्लू सव्वीस दिवस जगलं होतं. आज सकाळी बशीत तिची रिकामी कात होती आणि ती नव्हती.

"कात टाकली असेल तर आतली कुठंतरी पोहत असेल की," मामा म्हणाले.

"तेच तर. याआधी चारदा टाकली, चारही वेळा शेजारी पोहत होती. पाचवी अजून आठवड्यानं अपेक्षित होती. आज कात आहे, आतली नाही. बाईंनी थेंबताईंना धरलंय. चार वाजता त्यांच्या चुकीचं पत्र वर जाणार."

२

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. साठीला टेकलेल्या, आणि हे सगळं त्यांनी दोन खोल्यांपासून उभं केलेलं. त्यांच्यासमोर कुणी खुर्ची ओढतानासुद्धा आवाज होऊ देत नसे. मामांना त्यांच्याबद्दल मनापासून आदर होता, म्हणूनच आज त्यांचा आवाज ऐकून वाईट वाटलं.

"मामा, तुम्ही यंत्र बघा. चित्रांत तीन दिवस दुहेरी रेघा येताहेत. माणसांचं मी बघते." मग दाराशी उभ्या असलेल्या थेंबताईंकडे वळून त्या म्हणाल्या, "सात वाजता तू बशीतला गाळ काढलास. आठ वाजता मी पाहिलं तर ती नव्हती. ड्रॉपरमधून ओढली गेली असेल तर तसं सांग. चूक मी पोटात घालेन. लपवणं घालणार नाही."

"बाई, मी काढला तो गाळाचा ठिपका होता. पाय नव्हते, डोळा नव्हता, पोहत नव्हता."

"मग ती हवेत विरली?"

एकोणीस वर्षांपूर्वी थेंबताई इथे काचेची भांडी घासायला आल्या होत्या. त्यांचा हात एवढा नेमका, की थेंब मोजून टाकायचं काम बाईंनीच त्यांना दिलं. पुढे बशा दिल्या, पुढे पिल्लं दिली. या खेपेला शोधनिबंधावर पहिल्यांदाच त्यांचं नाव लागणार होतं. पत्र गेलं की नाव जाणार आणि त्या परत मोरीपाशी उभ्या राहणार.

मामांनी लाल खोली मागून घेतली आणि थेंबताईंना बरोबर नेलं. यंत्र तपासायचं निमित्त होतंच.

पाहुणीच्या डोळ्याला लाल रंग कळत नव्हता, म्हणून खोलीत फक्त लाल दिवा. खिडकी नाही. एका फळीवर तिची बशी, समोरच्या फळीवर कोळंबीची टाकी, मधे ड्रॉपरांचं स्टँड आणि बघायचा साधा सूक्ष्मदर्शक. मामांनी खिशातून तपासणीचा कागद काढून लाल पेनानं पहिल्या ओळीवर खूण केली. खूण उमटली नाही. दुसरी केली, तीही नाही. पेन सुकलं म्हणून त्यांनी ते झटकलं आणि पेन्सिल घेतली.

सूक्ष्मदर्शकाच्या दोन नळ्या डोळ्यांच्या अंतराप्रमाणे जवळ-लांब करता येतात. त्या पट्टीवर अडुसष्टचा आकडा होता.

"एवढं रुंद? ताई, तुमचं तर अठ्ठावन्नच्या पुढे जाणार नाही."

"सकाळी बाईंनी पाहिलं, त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. खोलीला कुलूप होतं."

मामांनी त्यांची वही मागितली. वही म्हणजे दागिना होता. एकेका ओळीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी, पाहुणीचा मूड. 'आज रुसलेली.' 'आज गिरक्या.' एका पानावर तिचं चित्र, आणि खाली टीप: 'पोटात तेलाचे थेंब, डावीकडे चार, उजवीकडे तीन. इतर पिल्लांत सारखे असतात.' सव्वीस दिवस एका ठिपक्याकडे इतक्या मायेनं कुणी बघू शकतं, याचं मामांना कौतुक वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

"बघायचंच तर काम आहे," ताई म्हणाल्या.

शेवटच्या चार पानांवर मामांचं बोट थबकलं. रोज दुपारी दोनला एकच नोंद: 'नळ्या ६८ वर. पाणी उतरलं नाही.'

"याचा अर्थ?"

ताईंनी दाराकडे पाहिलं. "दिवसाला दोन थेंब पाणी उडून जातं, ते मी संध्याकाळी भरते. चार दिवस भरावं लागलं नाही. मी जेवायला जाते तेवढ्यात दुसरं कुणीतरी भरत होतं."

"हे बाईंना का नाही सांगितलंत?"

"कारण या खोलीची तिसरी किल्ली माझ्या दिराकडे आहे."

३

हा दीर चुलत होता, धाकटा, आणि प्रयोगशाळेत त्याला सगळे कोळंबीवाला म्हणत. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं आपली टाकी लाल खोलीत आणली, वहिनींनी कडाडून विरोध केला, तेव्हापासून दोघांत अबोला होता. मामांना तो भांडी धुवायच्या खोलीत सापडला. बाह्या सरसावून बाटल्यांचा ढीग लावत होता.

"वहिनींनी माझं नाव घेतलं का?" त्यानं आधी तेच विचारलं.

"नाही. घेतलं नाही म्हणून तर आलो."

कोळंबीवाला जरा वरमला. मामा गप्पा मारताना त्याच्या डोळ्यांमधलं अंतर बघत होते. बत्तीस वर्षांत नजरच मापाची झालेली. डोळे जवळजवळ, साठच्या वर अजिबात नाहीत.

"तुमच्या टाकीत तळाशी मेलेल्या कोळंब्या दिसल्या."

"मेलेल्या कुठल्या? त्या काती आहेत. पाण्यात कात टाकायचं औषध घालतोय मी. सगळ्या एकाच दिवशी कात टाकतात, मग मोजमाप सोपं जातं. म्हणून तर वहिनी चिडल्या. म्हणाल्या, या खोलीत औषधाचं पाणी नको, कुणाचा हात चुकेल. मी म्हटलं, हात कसा चुकेल? बाईंचाच नियम आहे, पाहुणीच्या ड्रॉपरला पांढरा दोरा, कोळंबीच्या ड्रॉपरला लाल. शिवाय वहिनींनी वर गाठी मारल्यात. पाहुणीच्या दोऱ्याला एक गाठ, माझ्या दोऱ्याला दोन. आम्ही गाठ चाचपल्याशिवाय ड्रॉपर उचलत नाही."

"गाठींचं कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"आम्हा तिघांना. मी, वहिनी, चित्रकार."

चित्रकाराची चौकशी लेझरच्या खोलीत, यंत्र उघडून झाली. त्याच्याकडेही कारण होतं. पाहुणी जिवंत असल्यानं हलायची आणि चित्र पुसट यायचं. ती मेलेली मिळाली असती तर रंग देऊन लख्ख चित्र काढता आलं असतं.

"मनात आलं होतं," त्यानं सरळ कबूल केलं. "मग मी तिचं हृदय धडधडताना पाहिलं. केसाच्या टोकावर मावेल एवढं. त्यानंतर नाही आलं मनात."

मामांनी भिंग तपासायला घेतलं. त्यांच्याकडे काचेच्या पट्टीवर चिकटवलेले चमकणारे मणी होते, धुळीच्या कणाहून बारीक आणि अगदी गोल. भिंग वाकडं असेल तर मणी दोन दिसतो किंवा त्याला शेपूट फुटतं. मामांनी पन्नास मणी पाहिले, वरून, खालून, चारी कोपऱ्यांत. पन्नासही मणी एकेकटे आणि गोल.

त्यांनी फडक्यानं हात पुसले. "तुमचं भिंग ठणठणीत आहे."

"मग तीन दिवसांच्या चित्रांत दुहेरी रेघ कशी येते?"

"ती रेघ यंत्रातली नाही," मामा म्हणाले. "ती पाहुणीतली आहे."

४

चित्रकारानं कालचं चित्र उघडलं. पडद्यावर पाहुणी स्वच्छ, एकेरी दिसत होती.

"रेघ कुठंय?"

"पुसली. भिंगाची चूक असली की संगणक पडछाया पुसून देतो. आम्ही सगळे तसंच करतो."

"न पुसलेलं दाखवा."

ते आलं. निळसर पाहुणी, आणि तिच्या बाह्यरेषेच्या आत हलकीशी दुसरी रेषा. चित्रकारानं ती सावकाश फिरवली. वरून पाठ, मग कूस, मग पोट. बाहेरची रेघ प्रत्येक पायात उतरत होती, बारा पायांच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होती. मामा पडद्याला नाक लावून बसले होते.

"थांबा. आतली रेघ पायांत उतरतच नाही."

चित्रकार थांबला. त्यानं एक पाय मोठा करून पाहिला, मग दुसरा. आतली रेघ पायांच्या मुळांपाशी सरळ पुढे जात होती. डोळ्याच्या जागीही गुळगुळीत.

"बुवा, मी यंत्रवाला," मामा म्हणाले, "पण मला विचाराल तर कातीच्या आत जे तयार होत होतं त्याला पाय नव्हते आणि डोळा नव्हता. सकाळी तुम्ही गाळाच्या बाटलीत शोधलंत, नाही का? काय शोधलंत?"

"बारा पाय," चित्रकार म्हणाला. "एक डोळा. पोहणारं काहीतरी. आम्ही तिघांनी पाहिलं. बाटलीत नुसता एक ठिपका होता."

"बाटली कुठंय?"

थेंबताई गाळ कधी टाकून देत नसत. तारीख लिहून आठ दिवस ठेवत. पण बाईंनी दुपारी फळी रिकामी करायला सांगितली होती, आणि मामांना ढीग लावणारा कोळंबीवाला आठवला. वयाच्या साठाव्या वर्षी ते जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरले.

मोरीत नळ धो धो चालू होता. ओट्यावर रिकाम्या बाटल्या पालथ्या मांडलेल्या. मामांनी मोजल्या. सात.

"आठवी?" त्यांना धाप लागली होती. "आजची?"

कोळंबीवाल्यानं नळ बंद केला आणि ओशाळून शर्टाच्या खिशातून बोटभर उंचीची बाटली काढली. "आजची ओतायला हात होईना. वहिनींचं अक्षर आहे त्यावर. वाटलं, त्यांना एकदा विचारावं. पण बोलणं बंद आहे ना आमचं."

५

साडेतीन वाजता सगळे लेझरच्या खोलीत जमले. बाई शेवटी आल्या, हातात पत्राचं पाकीट घेऊन.

थेंबताईंनी तो ठिपका ड्रॉपरनं उचलून काचेवर ठेवला. एका थेंबात, न हलवता. तांदळाच्या कणीचा दहावा हिस्सा भरेल असं काहीतरी, पिवळट, बिनहातापायाचं. चित्रकारानं लेझर लावला. थर एकावर एक चढत गेले आणि पडद्यावर एक मऊ, लांबट पिशवी आकाराला आली. मग पिशवीनं अंग आकसलं, पुन्हा सैल केलं आणि काचेवर रेघभर पुढे सरकली.

"जिवंत आहे," कोळंबीवाला पुटपुटला.

"आहे कोण पण?" बाईंनी विचारलं. "पाण्यात शंभर जीव असतात. हीच पाहुणी कशावरून?"

मामांनी थेंबताईंकडे पाहिलं. ताईंनी वही उघडून बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि चित्रकाराला म्हणाल्या, "पोटाच्या बाजूनं फिरवा."

पिशवी वळली. आत तेलाचे थेंब दिव्यांसारखे उजळले. डावीकडे चार. उजवीकडे तीन.

बाई खुर्चीत बसल्या. बसताना खुर्चीचा आवाज झाला, पण तो त्यांच्या कानावर गेला नाही. "पाय गेले. डोळा गेला. आतडंसुद्धा नाही. असं शरीर दुसऱ्याच्या अंगात घुसून राहणाऱ्यांचं असतं." त्या स्वतःशीच बोलत होत्या. "शंभर वर्षं आपण हिच्या मोठेपणी पाय शोधत होतो. म्हणून सापडली नाही." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. "पण आठवडाभर आधी? आणि थेट हे रूप? कशानं?"

"कात टाकायच्या औषधानं," मामा म्हणाले. "कोळंबीच्या टाकीतलं पाणी चार दिवस, रोज दोन थेंब, तिच्या बशीत पडत होतं."

कोळंबीवाला पांढराफटक पडला. "मी नाही घातलं."

"तुम्ही नाही. घालणाऱ्यानं रोज दुपारी आधी नळ्या अडुसष्टवर नेल्या. तुमचे डोळे साठचे. चित्रकाराचे बासष्ट. ताई अठ्ठावन्न. शिवाय तुम्हा तिघांना गाठी माहीत. ज्यानं चुकीचा ड्रॉपर उचलला त्याला गाठी माहीत नव्हत्या, तो दोऱ्याच्या रंगावर विसंबला." मामांनी खिशातून तपासणीचा कागद काढून टेबलावर पसरला. पहिल्या दोन ओळींवर लालभडक खुणा होत्या. "सकाळी लाल दिव्याखाली मी या केल्या आणि मला दिसल्या नाहीत. पेन सुकलं असं वाटलं. तिथं पांढरा कागद लाल दिसतो आणि लाल शाईही लाल. दोऱ्यांचंही तेच. त्या खोलीत दोन्ही ड्रॉपर पांढऱ्या दोऱ्याचेच वाटतात."

"मग कोण?" चित्रकारानं विचारलं.

मामा उत्तर द्यायला कचरले. ज्या माणसाबद्दल आपल्याला आदर आहे त्याच्याकडे बोट दाखवणं त्यांना जड जात होतं. "आज सकाळी आठनंतर त्या खोलीला कुलूप होतं," ते हळू म्हणाले. "मी गेलो तेव्हा नळ्या अडुसष्टवरच होत्या. बाई, तुम्ही सगळ्यांना विचारलंत. तुम्हाला मात्र कुणी विचारलं नाही."



"मी रोज जायचे," बाई म्हणाल्या. "तू जेवायला गेलीस की. दहा वर्षं नुसत्या फायली बघतेय मी. तिला बघितलं की पंचविशीत गेल्यासारखं वाटायचं. एक दिवस पाणी रेघेखाली दिसलं, म्हणून भरलं. पांढऱ्या दोऱ्याचा ड्रॉपर घेतला, अशी माझी खात्री होती. ते सांगण्यासारखं आहे असं मनातही आलं नाही. नियम माझाच ना. तो केला होता मी इथे, उजेडात बसून."

त्यांनी पाकीट फाडलं. चार तुकडे केले आणि आपल्याच पर्समध्ये टाकले.

"तुला कळलं होतं, कुणीतरी पाणी घालतंय. बोलली का नाहीस?"

थेंबताईंनी दिराकडे पाहिलं. तो खाली बघत होता. "मला वाटलं, हे भाऊजी असतील. नवीन नोकरी, घरी तान्हं मूल."

"वहिनी," कोळंबीवाला म्हणाला, आणि पंधरा दिवसांचा अबोला तिथंच संपला.

"चूक माझी आणि शोध तुझा," बाई म्हणाल्या. "निबंधात दोन्ही लिहायचं. औषध कुणी घातलं, कसं घातलं, सगळं. तो ठिपका तू टाकून दिला असतास तर जगाला अजून शंभर वर्षं कळलं नसतं. पहिलं नाव तुझं राहील."

ताई पाहुणीच्या थेंबाकडे बघत राहिल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "हिचं आता पाणी बदलायला हवं."

मामांनी पेटी आवरली. तपासणीच्या कागदावर 'यंत्रात दोष नाही' असं लिहून सही केली. जाताना लाल खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं. आत बाई स्टँडपाशी उभ्या होत्या, डोळे गच्च मिटलेले, बोटं दोऱ्यांवरून फिरत होती. त्यांनी एक ड्रॉपर उचलून पुढे धरला.

थेंबताईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा स्टँडमध्ये ठेवला.

"चुकलं, बाई. हा कोळंबीचा. परत."

बाईंनी निमूटपणे परत डोळे मिटले.